‘हेल्मेटमुळे मान मोडते’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला. वर एवढेच लिहिले होते: ‘मावशी, आधी हे वाच, मग मला हेल्मेटचा आग्रह कर.’ ‘हेल्मेटसक्तीमागचे सत्य’ असे नाव असलेला तो लांबलचक मजकूर याआधीही दोन-तीन जणांकडून माझ्याकडे आला होता आणि मी तो पुरता न वाचताच पुसून टाकला होता. पण भाचा रोज दुचाकीने ये-जा करतो, आणि हा मजकूर वाचल्यापासून त्याचे हेल्मेट डोक्यावर नसते, गाडीच्या आरशाला अडकवलेले असते, हे त्याच्या आईकडून कळल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: हेल्मेटच्या वजनाने अपघातात मान मोडते, हेल्मेट अवघ्या ताशी २७ किलोमीटर वेगाला तपासले जाते, म्हणून ते निरुपयोगी आहे, जवळच्या अंतरासाठी त्याची गरज नसते, त्यामुळे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, सक्तीचा कायदा कंपन्यांच्या फायद्यासाठी आणि दंडाच्या वसुलीसाठी केलेला आहे, आणि शेवटी, डोके ज्याचे त्याचे असल्यामुळे सरकारने त्यात पडू नये.

सुरुवात मानेपासून करते, कारण भाच्याने हेल्मेट उतरवले ते याच मुद्द्यामुळे, आणि सगळ्या संदेशात सर्वांत घातक मुद्दाही हाच आहे. डोक्यावर दीड किलोचे ओझे असले की झटक्यासरशी मानेचे मणके तुटतात आणि ‘डॉक्टर हे खासगीत मान्य करतात, पण उघडपणे बोलत नाहीत’, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. कोणते डॉक्टर, कुठले, ते केव्हा बोलले, याचा काहीही पत्ता नाही. यात खरे एवढेच आहे की संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट साधारण दीड किलो भरते, मोठ्या माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते आणि त्यामुळे मानेला नेहमीपेक्षा जास्त वजन पेलावे लागते. मात्र अपघातात मान मोडते ती बहुधा निराळ्या रीतीने. डोके कठीण वस्तूवर आदळून थांबते, मागून येणारे धड थांबलेले नसते, आणि त्या धडाचा सगळा रेटा मधल्या मणक्यांवर येतो. हेल्मेटच्या आतला दाट थर्माकोलचा थर आदळताना चेपत जातो, म्हणून डोके एका क्षणात न थांबता थोडे अंतर घेऊन थांबते आणि आघाताची काही शक्ती त्या थरातच खर्ची पडते.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या शल्यचिकित्सकांनी दुचाकी अपघातांतील चाळीस हजारांहून अधिक जखमींच्या नोंदी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्यांना इजा होण्याची शक्यता न घातलेल्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होती. उलट बाजूने बहुधा १९८६ सालच्या एका अमेरिकी लेखाचा हवाला दिला जातो. ठरावीक वेगापलीकडे हेल्मेटमुळे मानेची इजा वाढते, असे त्यात एका जुन्या पाहणीच्या आकड्यांवरून अनुमान काढले होते, आणि त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने जखमी तपासल्यावर ते टिकले नाही. तरीही तेच अनुमान आज, मूळ लेखाचे नावसुद्धा न घेता, ‘सत्य’ म्हणून फिरवले जात आहे.

या सगळ्याहून वजनदार पुरावा वेगळाच आहे. वैद्यकीय संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २००८ मध्ये हेल्मेटविषयीचे ६१ अभ्यास एकत्र तपासले. अपघातात सापडलेल्या स्वारांमध्ये हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर मानेबद्दल त्या आढाव्याने ठाम मत दिलेले नाही, कारण तोवरचा पुरावा त्यासाठी अपुरा होता. पण मृत्यूचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. त्यात केवळ डोक्याला मार लागून गेलेले लोक मोजलेले नाहीत. मान मोडून गेलेला माणूसही त्या हिशेबात मृत म्हणूनच येतो. हेल्मेट जर एका हाताने डोके वाचवत असते आणि दुसऱ्या हाताने मान मोडत असते, तर एकूण मृत्यू ४२ टक्क्यांनी घटलेले दिसलेच नसते. संदेश लिहिणाऱ्याने एवढा एक विचार केला असता, तरी पहिला परिच्छेद लिहिण्याचे त्याचे धाडस झाले नसते.

ताशी २७ किलोमीटरचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच तो लोकांना पटतो. संयुक्त राष्ट्रांच्या हेल्मेटविषयक नियमावलीत सपाट पृष्ठभागावर आदळण्याच्या चाचणीचा वेग अनेक वर्षे सेकंदाला ७.५ मीटर राहिला आहे, म्हणजे ताशी बरोबर २७ किलोमीटर. संदेश यावरून असे सुचवतो की गाडी ३० च्या पुढे गेली की हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. मात्र चाचणीतला हा वेग गाडीचा नसून डोके पृष्ठभागावर आदळण्याचा असतो. स्वार घसरून पडतो तेव्हा तो गाडीच्या वेगाने पुढे सरकत जातो, पण रस्त्याच्या दिशेने त्याचे डोके खाली येते ते मुख्यतः डोक्याच्या उंचीवरून पडण्याच्या वेगाने. दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकतानाचा वेग ताशी साधारण २० किलोमीटर असतो, मग गाडी ताशी ४० ने जात असो की ८० ने. चाचणीचा वेग हा जवळपास तीन मीटर उंचीवरून पडण्याइतका आहे. म्हणजे नेहमीच्या पडण्याहून कडक परीक्षा तिथे घेतली जाते. भरवेगात खांबावर किंवा ट्रकवर थेट डोके आदळले तर हेल्मेट पुरे पडेलच असे नाही, हे मान्य. छाती, पोट आणि पाय यांचे रक्षण तर ते करतच नाही. पण काही अपघातांत उपयोग होत नाही म्हणून सगळ्याच अपघातांत ते वापरू नये, हा निष्कर्ष कोणत्या शहाणपणातून निघतो, हे मला समजत नाही.

हाच हिशेब ‘जवळच जायचे आहे’ या सबबीलाही लागू पडतो. गाडी जागच्या जागी उभी असतानाही तोल जाऊन आडवे पडलेल्या माणसाचे डोके जवळजवळ त्याच वेगाने जमिनीवर आपटते. उघडी कवटी रस्त्यावर आदळून दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबते. मधल्या थराने तेच अंतर दोन-तीन सेंटिमीटर केले, तर डोक्यावरचे सरासरी बल एक दशांशावर येते. घरापासूनचे अंतर या गणितात कुठेही येत नाही. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ गाडी उभी करता करता पडले. रक्त आले नाही म्हणून उठून चालू लागले, आणि काही तासांनी बोलता बोलता त्यांची शुद्ध हरपली. कवटीच्या आत साचत गेलेल्या रक्ताला बाहेर पडायला जागा नसते आणि ते मेंदू दाबत राहते, म्हणून पहिले काही तास बरे वाटणे यावर विसंबता येत नाही. ते वाचले. पण आज त्यांना जवळच्या माणसांची नावे आठवावी लागतात आणि लहानसहान गोष्टींवरून त्यांचा संताप होतो. त्यांच्या पत्नीने नोकरी सोडली आहे.

दिसण्या-ऐकण्याबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकी मानकानुसार हेल्मेटमधून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १०५ अंशांपर्यंत दिसले पाहिजे, आणि तेवढे दिसत असताना बाजूची गाडी पाहायला मान किंचित जास्त वळवली की काम भागते. वेगात असताना कानावर येतो तो मुख्यतः वाऱ्याचा आवाज. हेल्मेट तो आवाज आणि हॉर्नचा आवाज दोन्ही सारखेच कमी करते, त्यामुळे हॉर्न ऐकू येण्यात फारसा फरक पडत नाही. चरे पडलेल्या काचेतून रात्री समोरचा प्रकाश फुटतो आणि पावसात काच धूसर होते, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय काच बदलणे हा आहे. उकाडा आणि घाम यांचाही त्रास होतो, तो मी नाकारत नाही.

कंपन्यांच्या कटाचा मुद्दा मात्र इतिहास न वाचता लिहिलेला आहे. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडले आणि डोक्याच्या दुखापतीने काही दिवसांत वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप्यांचे मोटरसायकलवरून होणारे मृत्यू पाहून त्यांनी १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर लेख प्रसिद्ध केला आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ही मागणी शस्त्रक्रियागृहातून आलेली आहे. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य स्वारांसाठी सक्ती यायला १९७३ साल उजाडले. कंपन्यांचा कट असता तर त्याला तीस वर्षे लागली नसती. दंडाबाबत एक गोष्ट मी नाखुशीने कबूल करते: जिथे पट्टा न बांधलेले, आत नावापुरता स्पंज लावलेले टोपडे डोक्यावर असले तरी चालते, आणि केवळ उघडे डोके दिसले की पावती फाडली जाते, तिथे लोकांना हा कायदा वसुलीचा वाटणे स्वाभाविक आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी सुधारली पाहिजे, हेल्मेटचा दर्जा तपासला पाहिजे. कायदाच नको, असा त्याचा अर्थ होत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘डोके माझे आहे’. एवढाच एक मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटतो, कारण प्रौढ माणसाने स्वतःपुरता धोका पत्करावा की नाही हे दुसऱ्याने ठरवणे ही साधी गोष्ट नाही. अडचण ‘स्वतःपुरता’ या शब्दात आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २००० मध्ये २१ वर्षांवरील स्वारांना सक्तीतून सूट दिली, पण किमान दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असला पाहिजे ही अटही घातली. स्वातंत्र्याच्या नावाने केलेल्या त्या कायद्यानेच मान्य केले की फुटलेल्या डोक्याचा खर्च दुसऱ्यांवर पडतो. अतिदक्षता विभागातली खाट, रुग्णवाहिका, वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी पत्नी किंवा आई, हे सगळे त्या ‘माझ्या डोक्या’ला जोडलेले असते. शिवाय मागे बसलेल्याचे डोके कोणाचे? आणि अमेरिकेतील ज्या राज्यांत फक्त लहान वयाच्या स्वारांना सक्ती उरते, तिथे त्या मुलांच्या मेंदूच्या दुखापतीही जास्त आढळतात. धावत्या गाडीवरच्या मुलाचे वय पोलिसाला कसे कळणार?

‘समजावून सांगा, सक्ती करू नका’ असेही संदेशात म्हटले आहे. हा प्रयोग करून झालेला आहे. इटलीत २००० मध्ये सर्व वयाच्या स्वारांना सक्ती झाली. रोमान्या या भागातील अभ्यासानुसार त्याआधी तिथे हेल्मेट वापरणारे सरासरी २० टक्क्यांहूनही कमी होते, नंतर ते ९६ टक्क्यांवर गेले आणि दुचाकी अपघातांतील मेंदूच्या दुखापतींमुळे रुग्णालयात दाखल होणारे ६६ टक्क्यांनी घटले. व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ रोजी सक्ती लागू होताच वापर ९० टक्क्यांपलीकडे गेला. हेल्मेट चांगले असते हे या लोकांना आदल्या दिवशीही ठाऊक होते. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १९९९ मध्ये सक्ती सैल केली आणि २००४ मध्ये पुन्हा सर्वांना लागू केली. सूट देऊन काय होते हे पाहिल्यावर मागे वळलेले हे राज्य आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

भाच्याला मी हे सगळे पाठवले आहे आणि सोबत आणखी दोन गोष्टी कळवल्या आहेत. हनुवटीचा पट्टा घट्ट बांधलेला नसेल तर पहिल्याच धक्क्यात हेल्मेट निघून जाते. आणि आरशाला अडकवून ठेवल्याने आतला थर त्या जागी दबून खराब होऊ शकतो, म्हणून इतके दिवस तिथे लटकलेले ते हेल्मेट त्याने आतून नीट तपासावे, आणि थर चेपलेला दिसला तर नवे घ्यावे.