बरी अद्दल घडली!

इंदुरात राहून मराठी टिकवायची असेल, तर 'अद्दल' हा एवढा एक शब्द जपा. एरवी आपण 'जाऊन राहिलो', 'येऊन राहिलो' असं बोलतोच, पण शेजाऱ्याचं वाईट झालं की कशी अस्सल मराठी सुचते!

वापर सोपा आहे. समोरच्यांनी कचऱ्याच्या गाडीत ओला-सुका एकत्र लोटला आणि दंड भरला, की चहाचा कप घेऊन गॅलरीत यावं आणि म्हणावं, "बरी अद्दल घडली!" 2017 साली आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते अशा गॅलऱ्यांमुळेच, असं मानायला हरकत नाही. पुढच्या आठवड्यात तोच दंड आपल्याला झाला, तर त्याला 'वसुली' म्हणावं. अद्दल प्रथमपुरुषी चालत नाही. (रामबागेतले एक काका 'मला अद्दल घडली' म्हणायचे, पण ते मेहुण्याला जामीन राहिल्याबद्दल. म्हणजे चूक मेहुण्याचीच.)

क्रियापद 'घडणे' हेच घ्या. 'घडवली' म्हटलं की कुणी घडवली हे विचारतात. 'घडली' म्हटलं की सुटलात. तक्रारीचा फोन तुम्हीच केला होता, हे व्याकरणात कुठेच दिसत नाही.

कुणी शब्दाचं मूळ काढलं, तर घाबरू नका. मुळात अरबी 'अद्ल', म्हणजे न्याय. अदालत आणि आदिलशाहीतला आदिल याच घराण्यातले. अदालतीत तारखा पडतात, अद्दलीचा निकाल गॅलरीतून तिथल्या तिथे लागतो.

पाहुणे आले की राजवाड्याजवळच्या आडा बाजारात न्यावं आणि आख्यायिका सांगावी. मुलाच्या रथाखाली वासरू मेलं, म्हणून अहिल्याबाई पोटच्या पोरालाच रथाखाली द्यायला निघाल्या, तर त्या वासराची आई रथाला आडवी आली आणि हटेना. सांगताना आवाज भरून आला पाहिजे. मग घरी येऊन आपल्या चिरंजीवांना स्कूटरची किल्ली द्यावी. लायसन्स काय, पुढच्या वर्षी निघेलच.

'जिरली' हाही शब्द झकास, पण तो इथे जरा जपून वापरा. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर, जीरावन मसाला भुरभुरला जात असताना, मी मित्राला म्हणालो, "त्याची चांगली जिरली." ठेलेवाल्यानं डबी तशीच हातात धरून विचारलं, "भिया, और डालूँ?"

म्हटलं, डालो.