आधी चढा, मग उतरा

भुयारी मेट्रो स्टेशनच्या दारात आधी तीन-चार पायऱ्या चढायच्या आणि मग जिन्याने खाली उतरायचं, हा काय वेडेपणा, असं बरेच जण चिडून विचारतात. गुडघे दुखणाऱ्यांचा राग समजतो. पण रस्त्यावर साचलेलं पाणी आत येऊ नये म्हणूनच दार तेवढं उंच ठेवलेलं असतं, आणि माझ्या मते अख्ख्या स्टेशनात त्या तीन-चार पायऱ्यांइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही. सरकते जिने, एसी, फलाटावरची काचेची दारं, सगळं त्यानंतर.

२६ मे २०२५ आठवा. मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मान्सून त्या दिवशीच दाखल झाला. मुंबईची भुयारी मेट्रो ३ वरळीच्या पुढे आचार्य अत्रे चौक स्टेशनापर्यंत धावू लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. तिथल्या एका दाराचं काम अजून चालू होतं. पाणी अडवायला उभारलेली भिंत कोसळली आणि पाणी थेट आत शिरलं. गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या.

व्हिडिओ बघून लोक म्हणाले, स्टेशन गळतंय. गळणं वेगळं, घुसणं वेगळं.

गळतं ते काँक्रीटच्या सांध्यातून. स्टेशनची पेटी, म्हणजे जमिनीत पुरलेला काँक्रीटचा डबा, वीस मीटर खोल असेल आणि पावसाळ्यात भूजल जमिनीलगत आलं, तर तळाच्या स्लॅबला दर चौरस मीटरमागे वीस टनांचा रेटा खालून बसतो. एक मीटर जाड स्लॅबचं स्वतःचं वजन अडीच टन. म्हणजे भिंती, छत, वरची माती सगळे मिळून ती पेटी दाबून धरतात. एवढ्या दाबाखाली एखाद्या सांध्यात ओल येणारच. भोकं पाडून दाबाने पॉलीयुरेथेन हे फट बुजवणारं रसायन भरतात, मग पाणी शेजारच्या सांध्यातून डोकावतं, मग तिथे भरतात. कटकट आहे, पण ते पाणी चरातून सम्पात, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात जातं आणि पंप त्याला पुरून उरतात.

रस्त्यावरून घुसणाऱ्या पाण्यापुढे तेच पंप तोकडे पडतात. ते दारातच अडवायला हवं, आणि इथे हिशेब चुकतो. भिंतीमागे एक मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर अर्धा टन जोर येतो. तीन मीटर साचलं तर दीड टन नव्हे, साडेचार टन. आणि भिंत बुडातून उलथवण्याची ताकद तिप्पट नाही, सत्तावीसपट होते. ठोकळे रचून वर प्लास्टर मारलेली भिंत गुडघाभर पाण्याला उभी राहते, पुरुषभर पाण्याला नाही. चीनमध्ये झेंगझोऊला २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला. पाणी कारशेडची संरक्षक भिंत पाडून मेट्रोच्या बोगद्यात शिरलं आणि १४ प्रवासी गेले.

अर्धवट दार ठेवून स्टेशन उघडूच नये, असं मी म्हणत नाही. सगळी दारं पूर्ण होईपर्यंत थांबलो तर आणखी किती पावसाळे जातील कोण जाणे. पण त्या अर्धवट दाराच्या तोंडावरची भिंत आरसीसीची, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचीच हवी, तिच्या सळया खालच्या स्लॅबमध्ये रोवलेल्या हव्यात आणि ती एप्रिलअखेर उभी हवी.

पूर्ण झालेल्या दारांचंही सुख कायमचं नसतं. रस्त्याचं काँक्रिटीकरण होतं, पातळी एक वीत वर येते, आणि त्या तीन-चार पायऱ्यांनी साठ सेंटिमीटर उंच ठेवलेलं दाराचं जोतं चाळीसवर येतं. कुणी दार बुटकं केलेलं नसतं, रस्ता उंच झालेला असतो. रस्तेवाले एका खात्याचे, मेट्रोवाले दुसऱ्या. त्यामुळे ती उंची दर वर्षी पुन्हा मोजायला हवी.

दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा असतात, त्यांत पूर अडवायच्या फळ्या बसवतात. खाचेत वाळू, गुटख्याची पाकिटं अडकली की फळी दोन बोटं वर राहते, खालचा रबर टेकत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. फळ्या गोदामात आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खिशात, हेही नको. मे महिन्यात एकदा भर दुपारी फळ्या लावून, बाहेरून टँकरचं पाणी सोडून बघावं. आत सरकत्या जिन्याचा खालचा खड्डा आणि लिफ्टचा खड्डा कोरडा राहिला पाहिजे. पाणी सगळ्यात आधी तिथेच जमतं.