विकत घ्या, पण आपलं म्हणू नका

सर्वांत आधी वाचायची खोड मोडा. नवं सॉफ्टवेअर टाकताना अटी-शर्तींचा जो लांबलचक मजकूर समोर येतो तो वाचण्यासाठी नसतो, खाली सरकवण्यासाठी असतो. तळाशी पोचलात की 'मी सहमत आहे' दाबा आणि मोकळे व्हा. गेमस्टेशन या ब्रिटिश गेमविक्रेत्याने १ एप्रिल २०१० रोजी आपल्या ऑनलाइन अटींमध्ये गुपचूप एक कलम घातलं होतं : या खरेदीबरोबर ग्राहक आपला अमर आत्मा कंपनीच्या हवाली करत आहे. साडेसात हजार जणांनी करून टाकला. नकार द्यायची सोय तिथेच होती आणि देणाऱ्याला पाच पौंडांचं कूपनही मिळणार होतं, पण त्यासाठी वाचावं लागलं असतं. कंपनीने पुढे त्या आत्म्यांवरचा हक्क सोडून दिला. असा अव्यवहारीपणा आजची कोणतीही कंपनी करणार नाही.

आता मालकीचं बघू. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, ही समजूत तुम्ही अजून उराशी धरून बसला असाल तर ती सोडा. २००९ साली ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली, कारण ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, नाही असं नाही. पुसलेल्या पुस्तकांत ऑरवेलची '१९८४' होती. सरकारला नको असलेला मजकूर भट्टीत जाळून टाकणाऱ्या राजवटीची कादंबरी! उपरोधिक लेख लिहिणाऱ्यांच्या पोटावर पाय आणणाऱ्या अशा घटनांवर खरं तर बंदी हवी.

गेमच्या बाबतीत हे शिक्षण आणखी पुढे गेलं आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली आला. तो एकट्याने खेळायचीही सोय होती, पण एकट्याने खेळतानासुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असणं सक्तीचं. म्हणजे गाडी तुमची, रस्ता मोकळा, वेळ तुमचा, फक्त किल्ली त्यांच्या खिशात. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेला खेळ सगळ्यांसाठी एकदमच संपला. डिस्क कपाटात तशीच राहिली. ज्यांना वाईट वाटलं त्यांनी बातम्या नीट वाचल्या नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत, याच कंपनीच्या सबस्क्रिप्शन विभागाच्या संचालकांनी एका मुलाखतीत सांगितलंच होतं की, खेळ आपल्या मालकीचे नसण्याची सवय खेळाडूंना व्हायला हवी. दोन-अडीच महिन्यांत प्रात्यक्षिकही दाखवलं. दिलेला शब्द इतक्या तत्परतेने पाळणारी माणसं आता कुठे मिळतात?

यावर काही कटकटे लोक गप्प बसले नाहीत. 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम निघाली, आणि बंद करताना खेळ चालता राहील अशी काहीतरी सोय करून जा, एवढ्या मागणीवर युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांच्या वर सह्या जमल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. २०२५ पासून तिथल्या डिजिटल दुकानांना 'विकत घ्या' असं बटण ठेवायचं असेल, तर तुम्हाला फक्त परवाना मिळतो आहे आणि तो काढून घेतला जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगावं लागतं. तुम्ही या भानगडीत पडू नका. सांगितलं काय, न सांगितलं काय, बटण तर तेच आहे. दाबा.

आणि दाबायचंच तर आधी दाबा. ज्या मालाचा साठा कधीच संपू शकत नाही, त्याची आगाऊ नोंदणी करण्यात एक वेगळीच निष्ठा असते. 'सायबरपंक २०७७'साठी सुमारे ऐंशी लाख लोकांनी ती दाखवली. डिसेंबर २०२० मध्ये खेळ बाहेर आला आणि त्याच महिन्यात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, इतका तो जुन्या प्लेस्टेशनवर अडखळत होता. नंतर खेळ बनवणाऱ्या कंपनीने बरंच दुरुस्त केलं. म्हणजे थांबलेल्याला कमी किमतीत चांगला खेळ मिळाला आणि धावलेल्याला पूर्ण किमतीत चाचणी करण्याचा मान. तुम्हाला मान हवा की खेळ, हे ठरवा.

जागेची चिंता करू नका. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० केबीत बसत होता आणि 'कॉल ऑफ ड्यूटी'ने दोनशे जीबी ओलांडले आहेत. एवढ्या जागेत सुमारे पन्नास लाख मारिओ मावतील. प्रगती मोजायची आणखी कोणती पट्टी हवी? नवीन डिस्क घ्या. चालणारा संगणकही शक्यतो चालतोय तोवरच टाकून द्या. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसेल तर तुमचं ठणठणीत यंत्र कागदोपत्री मृत आहे. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, टाकता येतं, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. न विचारता सांगेल. (आमच्या लिनक्सवाल्या जमातीचा हा दोष आहे, मान्य.)

समाजाबद्दलही तुमची काही मतं असली पाहिजेत, त्याशिवाय जेवायला बसल्यावर बोलणार काय? सर्वांत टिकाऊ मत म्हणजे 'या गेममुळे पोरं बिघडली'. याला वंशपरंपरा आहे. १९९३ साली अमेरिकी सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'मधल्या रक्तावर गंभीर सुनावण्या झाल्या आणि त्यातून पुढच्या वर्षी खेळांवर वयोगटाचे शिक्के मारणारी व्यवस्था उभी राहिली. सगळं लक्ष रक्ताच्या थेंबांवर. मागच्या दाराने जुगाराचं यंत्र आत आलं ते कोणाला दिसलंच नाही. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला मिळायला लागलं, तेव्हा लोक हसले. निदान पैसे दिल्यावर चिलखत नक्की मिळत होतं. मग लूटबॉक्स आले : पैसे आधी द्या, आत काय आहे ते नशिबावर. २०१७ साली अशा पेट्या असलेल्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये मोठे नायक मिळवायला इतके तास का घालवावे लागतात, असं विचारल्यावर ईए या त्या खेळाच्या कंपनीकडून उत्तर आलं की, खेळाडूंना अभिमान आणि काहीतरी कमावल्याचं समाधान मिळावं म्हणून. या उत्तराला रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. अभिमान नक्की कशाचा, ते लोकांना समजलं नसावं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. छोटा देश आहे, मनावर घेऊ नका. तुम्ही पडद्यावर रक्त दिसतंय का तेवढं बघा. नसेल तर फोन पोराच्या हातात द्यायला हरकत नाही, कार्डाचा तपशीलही त्यात साठवलेलाच असतो.

फुकटच्या सॉफ्टवेअरचं मात्र वेगळं शास्त्र आहे. जे कोणीतरी रात्री जागून, एक पैसाही न घेता लिहितं, त्याच्याकडून सर्वांत कडक सेवेची अपेक्षा ठेवा. नवीन आवृत्ती कधी येणार, म्हणून तगादा लावा. 'एक्सझेड' हे फाइल दाबून लहान करणारं छोटंसं साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असतं, आणि ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा माणूस सांभाळत होता. त्याच्या मागे काही खाती अशीच लागली : काम हळू होतंय, झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. थकलेल्या माणसाने मदतीला आलेल्या एका गुणी कार्यकर्त्याला अधिकार दिले. त्या गुणी कार्यकर्त्याने दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम केलं आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदार, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रात गुपचूप शिरायची वाट, बसवलं. ते पकडलं गेलं, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपलं लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय असं वाटलं आणि त्याला ते सोडवेना. अर्धा सेकंद! तुम्ही असता तर यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं असतं. तेच योग्य आहे. चौकसपणा हा आजार आहे, आणि तो लहानपणी खेळण्यांची झाकणं उघडण्यापासून सुरू होतो.

याच आजाराचा दुसरा रुग्ण 'जीटीए ऑनलाइन'चा. हा खेळ संगणकावर २०१५ मध्ये आला आणि सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर दुसरं काही काम उरकून यावं. लाखो लोक निमूट वाट बघत. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने, ना त्याच्याकडे मूळ कोड ना कोणाचं बोलावणं, हा वेळ जातो कुठे ते शोधून काढलं. त्याच्या संगणकावर सहा मिनिटं लागत. खेळ दहा एमबीची एक फाइल वाचत होता. त्यातला प्रत्येक छोटा तुकडा उचलताना उरलेल्या सगळ्या फाइलची लांबी नव्याने मोजत होता, आणि मग त्यातल्या त्रेसष्ट हजार नोंदींपैकी प्रत्येक नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहत होता. त्याने हे दोन्ही टाळलं आणि सहा मिनिटांची दोनाच्या आत आली. कंपनीने दुरुस्ती स्वीकारली, त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिलं, आणि विषय मिटला. तुम्ही मात्र असल्या नादाला लागू नका, कारण मग ती फाइल कसली होती हेही कळतं. खेळाच्या आतल्या दुकानात विकायला ठेवलेल्या वस्तूंची यादी होती ती.