‘पाच गुंठे घ्या, केबिन ठेवा’: इगतपुरी-त्र्यंबकच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या घोटी-इगतपुरी भागातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर येतोय. नाशिक, ठाणे, पुण्याच्या नातेवाइकांकडून तोच मेसेज फिरून पुन्हा माझ्याकडे येतो. थोडक्यात मजकूर असा: इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पाच गुंठे घ्या. तयार लाकडी केबिन आणून ठेवा. केबिन म्हणजे बांधकाम नाही, त्यामुळे परवानगी लागत नाही. शेतजमीन आहे, त्यामुळे कर नाही. एका रात्रीचे 6,000, म्हणजे महिन्याला 1 लाख 80 हजार. समृद्धी झालाय, कुंभ येतोय, गावालाही रोजगार.

मी घोटीत हिशेबाची कामं करतो. भाताच्या गिरण्या, किराणा दुकानं, आणि गेली काही वर्षं या भागातल्या आठ-दहा मुक्कामाच्या जागा. त्यांचे जमाखर्च, विजेची बिलं, टँकरच्या पावत्या माझ्या टेबलावर येतात. हा मेसेज वाचून लोक भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढून इथे येताना मी पाहतोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

सुरुवात परवानगीपासून. केबिनला चाकं आहेत, ती क्रेनने उचलता येते, तिला पाया नाही, म्हणून ती बांधकाम नाही, असं सांगतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये प्रश्न भिंतीचा नाही, वापराचा आहे. शेतीची जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची तर कलम 42 लागू होतं. पैसे घेऊन पाहुणे झोपवणं हा शेतीचा वापर नाही, मग ते पत्र्याच्या कंटेनरमध्ये झोपोत, तंबूत झोपोत की दगडी वाड्यात. शिवाय केबिन एकटी कधीच येत नाही. तिच्यामागे संडासाची टाकी येते, गाडी उभी करायला मुरूम टाकलेली जागा येते, पाण्याची टाकी ठेवायला सिमेंटचा चौथरा येतो. हे सगळं जमिनीत रुतलेलं असतं आणि पाहणीला आलेल्या माणसाला लांबूनच दिसतं.

‘मग शेतघर म्हणून दाखवू’, हा पुढचा सल्ला. शेतघर शेतकऱ्याने शेती करण्यासाठी बांधायचं असतं, आणि त्याला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. पाच गुंठे म्हणजे एकराचा आठवा हिस्सा.

आता त्या पाच गुंठ्यांकडेच वळतो, कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात. खरेदीच्या वाटेवर तीन कुलपं आहेत आणि मेसेजमध्ये एकाचाही उल्लेख नाही. पहिलं, कूळकायद्याच्या कलम 63 नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दुसरं, 1947 चा तुकडेबंदी कायदा. 2023 च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करून विकता येत नाही ते, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. 2025 मध्ये शासनाने तुकडेबंदीत सवलत दिली हे खरं. पण ती विकास आराखड्यात निवासी किंवा तशाच शेतीबाहेरच्या वापरासाठी दाखवलेल्या जमिनींसाठी आहे. डोंगराच्या कुशीतल्या भाताच्या खाचराला ती लागू होत नाही, आणि एजंट मात्र नेमकं खाचरच दाखवतो, कारण तिथूनच धरणाचं पाणी दिसतं.

तिसरं कुलूप सगळ्यात जड आहे. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतली कितीतरी गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात; पेठ, सुरगाणा आणि कळवण तर पूर्ण तालुकेच. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ चं बंधन 1974 पासून आहे. लोक समजतात की हे बंधन फक्त खरेदीखतावर आहे. तसं नाही. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळ्याला ते लागू आहे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यापलीकडच्या कुठल्याही व्यवहाराला शासनाची मान्यता लागते. मग स्टँपपेपरवर नोटरी करून दिलेला ‘99 वर्षांचा भाडेकरार’ काय कामाचा?

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे असाच करार घेऊन आले होते. पैसे देऊन झाले होते, केबिन उभी होती, पडदेसुद्धा लावले होते. सातबारा पाहिला तर खातेदार ठाकूर समाजातलं कुटुंब, आणि इतर हक्कात 36अ चा शेरा स्पष्ट. एजंटचा फोन बंद. ज्या कुटुंबाने अंगठा दिला होता त्यांना मिळालेली रक्कम ऐकून सर माझ्यासमोर खुर्चीत गप्प बसून राहिले, कारण त्यांनी दिलेल्या रकमेचा तो छोटासा हिस्सा होता. जिल्हाधिकारी असा व्यवहार रद्द ठरवून जमीन मूळ खातेदाराला परत देऊ शकतात, आणि माझ्या मते द्यायलाच हवी. पण त्या कुटुंबाचं नागलीचं एक पीक तेवढ्यात गेलं आणि सरांची पुंजीही गेली. दोघांच्या नुकसानीतून कमावणारा तिसराच होता.

म्हणून माझ्याकडे कोणी फोन करून ‘जागा कशी आहे’ असं विचारलं तर मी दृश्याचं काही सांगत नाही. सातबारा मागवा, इतर हक्क वाचा, भोगवटादार वर्ग पाहा, फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, मागे जाऊन वाचा. जागा नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे का ते विचारा, कारण तिथे विकास परवानगी त्या प्राधिकरणाची लागते. ग्रामपंचायतीचा नुसता दाखला पुरत नाही.

आता 1 लाख 80 हजार. हा आकडा 6,000 ला 30 ने गुणून आलाय. म्हणजे सोमवारी, मंगळवारी, परीक्षेच्या दिवसांत आणि पितृपक्षातही केबिन भरलेली असणार, असं त्यात धरलंय. आमच्याकडे गर्दी होते ती शनिवारी. जुलै ते सप्टेंबर धबधबे सुरू असताना शुक्रवार-रविवारही भरतात, नाताळ ते नवं वर्ष भरतं, द्राक्षांच्या हंगामात गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी पाहायला येणाऱ्यांमुळे थोडी हालचाल असते. एप्रिल-मेमध्ये मुंबईकर महाबळेश्वर नाहीतर कोकण गाठतो.

माझ्याकडे ज्या नमुन्याचे हिशेब येतात त्यावरून एक मांडणी करतो. आकडे धरून चाललेले आहेत. तुम्ही तुमचे घाला. वर्षाचे 52 शनिवार आणि सुट्ट्यांच्या 18 रात्री, अशा 70 रात्री पूर्ण दराने: 4 लाख 20 हजार. आडवारी अर्ध्या दराने 40 रात्री: 1 लाख 20 हजार. एकूण 5 लाख 40 हजार. यातून बुकिंगच्या अ‍ॅपचं कमिशन 15 टक्के धरलं तर 81 हजार. राहून काम करणारं केअरटेकर जोडपं महिना 15 हजारांना, म्हणजे 1 लाख 80 हजार. चादरी धुणं, सफाई, साबण-चहा-गॅस रात्रीमागे 500 रुपये, म्हणजे 55 हजार. वीज, जनरेटरचं डिझेल, टँकर, इंटरनेट मिळून 1 लाख. पावसाळ्यानंतरची डागडुजी 60 हजार. हातात उरले 64 हजार. वर्षाचे. केबिनसाठी 12 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी सात वर्षांकरता काढलं असेल, तर हप्ता महिना जवळपास 19,900, वर्षाला 2 लाख 39 हजार. उरलेले 64 हजार त्यातच जातात आणि वर 1 लाख 75 हजार पगारातून घालावे लागतात. आणि यात जमिनीची किंमत धरलेलीच नाही.

डागडुजीचे 60 हजार जास्त वाटले असतील, तर जुलैमध्ये इगतपुरीला येऊन चार दिवस राहा. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही; घाटातून वारा त्याला आडवा आणतो. आमच्याकडची जुनी घरं बघा: छप्पर बुटकं, उतार मोठा, पुढे खोल पडवी, पावसाच्या बाजूला आडोसा बांधलेला. जाहिरातीतली केबिन मात्र सपाट छपराची आणि दर्शनी भागात जमिनीपासून वरपर्यंत काच. पहिल्या पावसात सांध्यांतून पाणी झिरपतं, दुसऱ्या पावसात पाइनची फळी फुगून दार लागेनासं होतं, गादीला बुरशीचा वास सुटतो. त्यात वादळात तार तुटली की दोन-दोन दिवस वीज नसते. पाहुणा एक तारा देऊन निघून जातो आणि पुढच्या महिन्याचं बुकिंग आपोआप कमी होतं.

कराचा मुद्दा लवकर संपतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. शेतात ठेवलेल्या खोलीचं भाडं हे शेतीचं उत्पन्न नाही. आयकर कायद्यातली व्याख्याच ते बाहेर ठेवते. अ‍ॅपवरून वर्षाला पाच लाखांच्या वर बुकिंग झालं की स्रोतातच कर कापला जातो, म्हणजे रक्कम तुमच्या पॅनवर नोंदली गेलेली असते. तुमची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तरी अशा बुकिंगवरचा जीएसटी अ‍ॅपवाला पाहुण्याकडून वसूल करून भरतो: 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के, त्याहून महाग खोलीला 18 टक्के. आणि परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती शासनाला कळवावी लागते. मेसेजमध्ये याचं नावही नाही.

समृद्धीबद्दल लोकांचा गैरसमज मला समजतो, कारण सुरुवातीला माझाही तोच होता. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कसारा घाटात अडकून पडणारा माणूस बोगद्यातून भरकन वर येऊ लागला. पण जो भरकन येतो तो भरकन परतही जातो. पूर्वी दमून मुक्काम करणारं कुटुंब आता सकाळी ठाण्याहून निघतं, भावलीचं पाणी बघतं, घोटीत मिसळ खातं आणि रात्री आपल्या पलंगावर झोपतं. हॉटेलवाल्याला, भाजलेल्या कणसांच्या गाडीवाल्याला याचा फायदा झाला. रात्रीच्या खोलीला तेवढाच होईल असं धरून कर्ज काढू नका. शिवाय पावसाचा जोर वाढला की पहिने, दुगारवाडीसारख्या ठिकाणी पर्यटकांना बंदी येते. ती जीव वाचवण्यासाठी असते आणि ती हवीच. त्या शनिवारची बुकिंगं मात्र रद्द होतात.

आणि सिंहस्थ. 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य स्नानं आहेत. भाविक रामकुंडावर नाहीतर कुशावर्तावर जायला येतो. त्याला उतरायला आखाडे, धर्मशाळा, साधुग्राम, नातेवाईक असतात. 2015 ला पर्वणीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या होत्या. मग वैतरणेच्या काठी केबिन घेतलेला भाविक पहाटे कुशावर्तापर्यंत पोचणार कसा? थोडं भाडं वाढेल, नाही म्हणत नाही. पण सात वर्षांचं कर्ज बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या दीड महिन्यावर फिटत नाही.

शेवटचा मुद्दा गावाच्या भल्याचा, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. एवढा पाऊस पडूनही या तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार उतरतात. खाली काळा बेसाल्ट, त्यात पाणी साठायला जागा कमी. विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तळाला जातात. धरणं भरलेली दिसतात, पण ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि दारणेचं खाली कालव्यांना. अशा खडकात केबिनवाल्याने खोल बोअर घेतली की शेजारच्या पाड्याची विहीर आधी आटते. फोटोसाठी हवा असलेला छोटा तलाव, 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 4 फूट खोल, एकदा भरायला साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी घेतो. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने हे 400 माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. रोजगार म्हणून जे येतं ते एका जोडप्याचे महिना 15 हजार, तेही दोघांचे मिळून.

या धंद्यात कोणीच टिकत नाही असं मी म्हणत नाही. माझ्याकडच्या हिशेबांत सलग नफा दाखवणाऱ्या तीन जागा आहेत. तिन्ही जागांचे मालक तिथेच राहतात, जमीन बापजाद्यांची आहे, केअरटेकरचा खर्च नाही, केबिनचं कर्ज नाही. पाहुण्याला इंद्रायणीचा भात, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी घरच्या चुलीवरची मिळते आणि जाताना तो दहा किलो तांदूळ घेऊन जातो. तांदळाची ही विक्री खोलीच्या भाड्याइतकीच मोलाची ठरते. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण अशांसाठीच आहे: किमान एक एकर शेती, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. ज्यांना इथे मुक्कामाचा व्यवसाय व्हावा असं मनापासून वाटतं त्यांनी केबिनऐवजी अशा घरांत पैसे घालावेत: कोणाच्या दोन खोल्यांना चांगले संडास बांधून द्यावेत, छपराला आगाऊ रक्कम द्यावी, बुकिंगचं काम शहरातून सांभाळून ठरलेला हिस्सा घ्यावा. कागद स्वच्छ राहतो, जमीन ज्याची त्याची राहते.

त्या तिघांपैकी एक महादेव कोळी कुटुंब आहे. टाकेदच्या बाजूला त्यांची दोन एकर जमीन आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. 15 एप्रिलला विहिरीत दोर सोडून ते पाणी मोजतात. ठरलेल्या खुणेच्या खाली गेलं की पाऊस पडेपर्यंत बुकिंग बंद, आधीच घेतलेले पैसेही परत. गेल्या हंगामात त्यांनी 45 दिवस खोल्या बंद ठेवल्या, आणि तरीही वर्षअखेर त्यांच्या वहीत शिल्लक होती.