लोगो एकदाच करायचा म्हणे!

गोव्यातल्या म्हापशाच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: 'कोका-कोलाने 1886 पासून लोगो बदललेला नाही. ब्रँड म्हणजे एकच चिन्ह, सगळीकडे जसंच्या तसं. बदलती ओळख ही डिझायनरांची बिलं वाढवायची युक्ती.' बिलं लावणाऱ्यांतला मी एक, तेव्हा बोलणं भाग आहे.

कोका-कोलाचं आधी. 1886 च्या पहिल्या जाहिरातीत ते नाव साध्या छापील अक्षरांत होतं. वळणदार लिपी नंतर आली, आणि तिच्याखालची पांढरी लाट तर 1969 ची.

आता 'जसंच्या तसं'. अमूलची मुलगी 1966 पासून होर्डिंगवर आहे. विषय नवा, वेश नवा, कोटी नवी. तरी गाडीतून जाताना अर्ध्या सेकंदात ती ओळखू येते. निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक, एवढं पुरतं. (चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतो, ती तरी आपण दर वर्षी तीच फळं लावून कुठे बांधतो?)

आमच्याकडे तर धंद्याची जागाच हलती. किनाऱ्यावरचा शॅक, म्हणजे हंगामी खानावळ, पावसाआधी मोडायचा, ऑक्टोबरात पुन्हा उभा करायचा, आणि नव्या सोडतीत जागा कुठे निघेल देव जाणे. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या लोगोत माड, होडी, सूर्य, लाटा आणि डॉल्फिन असा सगळा संसार होता. दहा फुटी फ्लेक्सवर ठीक दिसायचा. मोबाइलवर जेवण मागवायच्या ॲपमध्ये त्याचा नखाएवढा गोल झाला आणि चिरडलेल्या मुंगीसारखा दिसू लागला. आम्ही होडीच्या शिडाची एक रेघ आणि चिऱ्याचा तांबडा रंग ठेवला, बाकी काढून टाकलं. आता मेन्यूवर ती रेघ मासळीच्या पाठीसारखी वाकते, वेटरच्या टी-शर्टवर खांद्यावरून उतरते.

एका बाबतीत मजकूरवाल्यांना अर्धे गुण. गॅप या अमेरिकन कपड्यांच्या ब्रँडने 2010 मध्ये नवा लोगो आणला आणि लोक खवळल्यावर आठवड्याच्या आत मागे घेतला. पण ती लवचीक ओळख, म्हणजे एक-दोन खुणा कायम ठेवून बाकी बदलणारी, नव्हेच. एक ताठ चिन्ह काढून दुसरं ताठ चिन्ह बसवलं होतं. उलट टोकही आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅब या संशोधन केंद्राने 2011 मध्ये संगणकाकडून 40,000 आकार निघतील अशी ओळख केली, प्रत्येकाला आपापला. 2014 मध्ये ती बदलून सगळ्या गटांची चिन्हं एकाच चौकटीच्या जाळीवर बसवली. सगळंच हललं तर ओळखायचं कशावरून?

राहिली बिलं. गेल्या ऑक्टोबरात त्या शॅकची जागा बदलली, जुना बोर्ड नव्या जागेत बसेना. मालकांनी अर्धी फळी घेतली, पेंटरला रेघ दाखवली, तांबडा डबा हातात दिला. मला फोटो आला तो बोर्ड लागल्यावर. त्या कामाचं माझं बिल शून्य.