खरे गाणे ऐकायला लाखोंची यंत्रणा लागते काय?

अभिजात संगीताच्या श्रोत्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. रेकॉर्डच्या खाचेत आवाजाची अखंड लहर असते आणि सीडीत तिचे तुकडे पडतात. जुन्या बुजुर्गांचा खरा आवाज ऐकायचा तर टर्नटेबल, अँप्लिफायर आणि केबल उंचीच हव्यात. ज्याला हा फरक कळत नाही त्याचा कान तयार नाही, असा त्याचा आशय आहे. यातले शेवटचे विधान मला फार लागले, कारण साध्या स्पीकरवर मन लावून गाणे ऐकणाऱ्या कितीतरी जाणत्या रसिकांना त्यामुळे आपल्या कानाविषयीच शंका येऊ लागते.

आधी तुकड्यांविषयी. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे त्या त्या क्षणी मोजलेली लहरीची उंची, आकड्यांत नोंदलेले असतात, हे खरे आहे. परंतु ते वाजताना पायऱ्या-पायऱ्यांनी बाहेर पडत नाहीत. नमुने ज्या गतीने घेतले त्या गतीच्या निम्म्याहून कमी कंप्रतेची लहर त्या नमुन्यांतून पूर्णपणे पुन्हा उभी करता येते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. सीडीसाठी ही मर्यादा २२,०५० हर्ट्‌झ येते, आणि तरुण, निरोगी कानाची धाव २०,००० हर्ट्‌झच्या आसपास संपते. चांगल्या प्लेअरमधून बाहेर येणारा शुद्ध स्वर ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिला तर रेषा गुळगुळीतच दिसते.

खाचेतली लहर मात्र जशीच्या तशी नसते. एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, कापताना खर्जाचा भाग मुद्दाम कमी करतात, वरचा भाग वाढवतात आणि वाजवताना अँप्लिफायर हे उलटे फिरवून घेतो; १९५४ पासून ही रीत प्रमाण मानली गेली आहे. शिवाय तबकडी फिरण्याचा वेग एकच असला, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या कडेला जेमतेम २१. त्यामुळे आत जाता जाता बारीक, उंच ध्वनी विस्कटू लागतात. एका बाजूवर अख्खा राग असेल तर सुरुवातीचे संथ विलंबित ऐसपैस जागेत वाजते आणि शेवटच्या जलद द्रुतातल्या ताना, म्हणजे जिथे स्पष्टता सर्वाधिक हवी तोच भाग, नेमका सर्वांत अडचणीच्या जागी येतो. एलपीचा आवाज अनेकांना प्रिय आहे आणि त्या आवडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण त्या आवाजाला मुळाबरहुकूम म्हणता येणार नाही.

डिजिटल टप्पा कानाला लगेच खुपतो, या दाव्याची परीक्षा २०२२ मध्ये आपोआपच झाली. मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध आहे, आणि अस्सल अॅनालॉग, म्हणजे आवाज कुठेही आकड्यांत न उतरवलेल्या, म्हणून दर्दी मंडळी त्या डोक्यावर घेत असत. त्यांतल्या अनेक एलपी कापण्यापूर्वी टेप डिजिटल स्वरूपात उतरवून घेतली जात होती आणि ही पद्धत २०११ पासून सुरू होती, हे त्या वर्षी उघड झाले. प्रकरण न्यायालयात गेले. मात्र ही गोष्ट बाहेर आली ती चौकशीतून. दहा वर्षांहून अधिक काळ त्या एलपी ऐकणाऱ्या कानांनी ती पकडली नव्हती.

केबलसाठी फार शब्द खर्चण्याची गरज नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेने तीन मीटरवरचा स्पीकर जोडला, तर जाण्या-येण्याचा एकूण रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे त्याने पडणारा फरक डेसिबलच्या विसाव्या भागाइतकाही नाही.

आता तयार कानाकडे येऊ. मेयर आणि मोरन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीवर मावेल इतक्याच तपशिलात उतरवून ऐकवले. कोणते कोणते हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. खास सराव दिलेल्या श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. फरक मुळीच नाही असे यावरून म्हणता येत नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण इतका निसटता फरक कोणाच्या रसिकतेचे माप होऊ शकत नाही. घरी तुलना करणाऱ्यांनी दोन्हींचा आवाज आधी मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि काय वाजते आहे हे कळू न देता ऐकावे.

खर्च सार्थकी लागतो तो स्पीकरवर आणि खोलीवर. स्पीकर बदलला की आवाज उघडपणे बदलतो, पण तोही किमतीच्या प्रमाणात सुधारत जात नाही. उघड्या भिंती आणि फरशीच्या खोलीत कोपऱ्याला टेकवलेला लाखाचा स्पीकर डग्ग्याचा घुमारा इतका फुगवतो की ठेका झाकोळून जातो. तोच भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि खाली सतरंजी अंथरली, तर पैसा न खर्चता मोठा फरक पडतो.

राहिला बुजुर्गांचा आवाज. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात गायलेल्या आवाजाने सुई हलत असे. त्या तबकडीत जे शिरलेच नाही ते आजची कोणतीही यंत्रणा बाहेर काढू शकत नाही. खरे नुकसान होते ते या जुन्या तबकड्या नव्याने उतरवून घेताना. त्या काळी वेग सर्वत्र मिनिटाला ७८ फेऱ्या नसे. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने उतरवली की काळी एकमध्ये गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पुढच्या वरच्या पट्टीत, ऐकू येतो, तानाही पळू लागतात आणि आवाजाचा पोत पातळ होतो. ही चूक फायलीत एकदा बसली की ऐकणाऱ्याने अँप्लिफायरवर कितीही पैसे ओतले तरी निघत नाही. म्हणून जुनी ध्वनिमुद्रणे प्रकाशित करणाऱ्यांनी तबकडी कोणत्या वेगाने उतरवली, तो वेग कशावरून ठरवला आणि नंतर खरखर किती काढली, एवढे तरी प्रत्येक मुद्रणासोबत छापावे, अशी मागणी आपण श्रोत्यांनी लावून धरली पाहिजे.