नोटांच्या गावातला फुकट्या

आमचे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. प्रेस म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला वर्तमानपत्र आठवतं, आम्हाला नोटा. १९२८ पासून त्या इथे छापल्या जातात. दिवसभर नोटांच्या राशीत उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी भाजीवालीशी एका रुपयासाठी दहा मिनिटं वाद घालायचा. आणि नक्कल या प्रकारावर त्यांचा भयंकर राग. सातवीत मी मित्राच्या वहीतून निबंध उतरवला, तेव्हा जो मार बसला तो निबंध वाईट होता म्हणून नव्हे.

अशा घरात मी रात्री दोन वाजता उठून मेटॅलिका या अमेरिकन बँडची गाणी चोरायचो.

दोन वाजता, कारण आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट होतं. फुकट ते पौष्टिक. मोबाइलला १:५५ चा गजर, तोही उशीखाली, व्हायब्रेटवर. इतक्या निष्ठेने मी बारावीचा अभ्यास केला असता तर आज हा लेख लिहायला वेळच मिळाला नसता.

साल २००८. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम १२ सप्टेंबरला येणार होता, म्हणजे ऐन गणपतीत. आधी मी प्रामाणिकपणे कॉलेजरोडच्या एका दुकानात गेलो. मालक म्हणाले, “येईल महिनाभरात. तोवर भीमसेनजींचा नवा संच आलाय, देऊ?” मी घरी आलो आणि टोरंट लावला, म्हणजे अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल फुकट उतरवायला घेतली. इथवर दोष माझा नव्हता, असं मला तेव्हा वाटायचं.

अल्बम ७५ मिनिटांचा, फाइल पावणेदोनशे एमबीची, लाइन २५६ केबीपीएसची. कागदावर दीड तासाचं काम. पण कागद आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये तेव्हा लोडशेडिंग होतं. पहिल्या रात्री ४१ टक्क्यांवर लाइट गेले. दुसऱ्या रात्री ९७.८ वर येऊन गाडी थांबली, कारण पूर्ण फाइल असलेला सीडर जगात एकच उरला होता आणि तोही, बहुधा, झोपायला गेला. मी स्क्रीनकडे बघत बसलो. खाली मंडळाच्या मांडवात राखणीला बसलेली पोरं पत्ते कुटत होती. त्यांच्याकडे तीस रुपयांत दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी होती. बाप्पासमोर दहा दिवस ती वाजत होती आणि बाप्पाने काही आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. “काय रे, साडेतीन वाजता कसला अभ्यास?”

खोटं सुचलं नाही. मी सगळं समजावून सांगितलं. फाइलचे तुकडे होतात, ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो दुसऱ्याला देतो, पूर्ण असलेला तो सीडर, घेणारा तो लीचर.

“लीच म्हणजे जळू ना?”

“हो, पण बाबा, यात चोरी नाहीये. मी घेतलं तरी त्यांच्याकडचं जात नाही. सायकल चोरली तर सायकल जाते. हे तसं नाही.”

हा मुद्दा मी कॉलेजच्या कट्ट्यावर अनेकदा जिंकलो होतो. बाबांनी चष्मा पुसला.

“मी घरी पाचशेची नोट छापली, तर रिझर्व्ह बँकेची एक तरी नोट कमी होते का?”

“नाही.”

“मग मला पकडतात कशाला?”

गेली आठ वर्षं जगभरातले विचारवंत ज्या प्रश्नावर घसा कोरडा करत होते, तो बाबांनी लुंगी सावरत मिटवला. मी हार मानली नाही. नोटेला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, गाण्याला १९५७ च्या कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं, असं म्हणालो. “म्हणजे तू स्वस्तातला चोर,” एवढं बोलून ते झोपायला गेले.

खरं तर मी निवडूनही चुकीचा बँड निवडला होता. लोक आपसात गाणी फुकट वाटून घ्यायचे त्या नॅप्स्टरवर २००० साली खटला भरणारे हेच. त्यांचा ड्रमर लार्स उलरिक तर ३ लाख ३५ हजार नॅप्स्टरवाल्यांच्या नावांची यादी कागदावर छापून खोकी भरभरून घेऊन गेला होता. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं बरं होतं. २००७ मध्ये त्यांनी नवा अल्बम नेटवर टाकला आणि म्हणाले, पटेल ते द्या. रामकुंडावरच्या गुरुजींचंही धोरण तेच असतं, पण तिथे शून्य देऊन बघा. रेडिओहेडला मी शून्य दिलं. क्रेडिट कार्ड नव्हतं, हे खरं कारण. असतं तरी शून्यच दिलं असतं, हे त्याहून खरं.

तिसऱ्या रात्री अल्बम उतरला. हेडफोन लावला आणि काळजात चर्र झालं. आवाज फाटत होता. ड्रम वाजतोय की पत्र्यावर गारा पडतायत, कळेना. फुकटचं असंच निघायचं, असं म्हणत डिलीट केलं आणि दुसरा टोरंट लावला. आणखी दोन रात्री. तोही फाटका.

शेवटी महिनाभराने ट्यूशनच्या पैशांतून ३९५ रुपये मोजून सीडी आणली. बाबांनी ती हातात घेऊन उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, होलोग्राम तिरका करून पाहिला. अंधारातही खोटी नोट बोटांनी ओळखणारा माणूस. “माल खरा आहे,” म्हणाले. मला भरून आलं.

सीडी लावली. फाटत होती.

नंतर कळलं की सगळ्या जगात हीच बोंब होती. गाणी जास्तीत जास्त मोठ्याने वाजावीत म्हणून स्टुडिओतच आवाज इतका दाबून चढवला होता की तो मुळातच चिरकला. पण त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी एकदा सीडी, एकदा डाउनलोड, पुन्हा सीडी असं वाजवत बसलो. बाबा दारात उभे राहून चहा पीत ऐकत होते.

“यातली खरी कोणती?”

“ओळखू येत नाही, बाबा.”

त्यांनी उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला.

“मग घोळ छापखान्यातच आहे.”